पदरात घेतलेला बेलभंडारा

त्या दिवसांत मी देवाशी बोलणं बंद केलं होतं. भांडण झालं असतं तरी बरं, भांडणात निदान बोलणं असतं. माझ्यात तेवढाही जीव उरला नव्हता. सकाळी दिवा लावायचे, हात जोडायचे आणि मनात काहीच यायचं नाही. माळेगावचा खंडोबा आमचं कुलदैवत. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा सासूबाईंच्या मागं मागं जाऊन मला त्याची सवय लागली. भाजी महागली इथपासून ते घरातल्या रुसव्याफुगव्यांपर्यंत सगळं मी त्याला सांगायची. आता देव्हाऱ्यात त्याच्याकडं पाहिलं की वाटायचं, याला काय सांगायचं? याला माहीत नाही का? आणि सगळं माहीत असूनही हा असा गप्प बसून असेल, तर सांगून तरी काय होणार?

याला कारण माझी नोकरी. नांदेडमधल्या एका व्यसनमुक्ती केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात मी समुपदेशक आहे. आमच्याकडं खाटा नाहीत. माणसानं घरीच राहायचं, दर सोमवारी घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन यायचं, डॉक्टरांना दाखवायचं, गोळ्या न्यायच्या, माझ्यासमोर बसून बोलायचं आणि परत जायचं. परत जायचं म्हणजे त्याच रस्त्यानं, त्याच दुकानावरून, त्याच मित्रांमधून. तासभर माझ्यासमोर रडून गेलेला माणूस बसस्टँड गाठायच्या आत पिऊन बसलाय, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही, आणि आश्चर्य वाटत नाही याचंच वाईट वाटतं. बायका विचारतात, "ताई, सुटंल ना वो यांची?" सुरुवातीला मी म्हणायची, नक्की सुटेल. मग म्हणायला लागले, प्रयत्न करू. त्या वर्षी मी नुसतं गोळ्यांच्या पाकिटाकडं बोट दाखवायला लागले होते.

त्यातच एक शिक्षक गेले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्यात 'मॅडम'. चांगले सुधारत होते. मग घरच्यांनी त्यांना देवासमोर उभं करून शपथ घ्यायला लावली. आमच्या भागात हे सर्रास चालतं. खंडोबाच्या पायावरचा बेल आणि भंडारा माणसाच्या हातात द्यायचा आणि वदवून घ्यायचं की आजपासून थेंबाला शिवणार नाही. बेलभंडारा उचलला की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. आता बघायचं ते देव बघेल. पण दारू ही काही शपथेला घाबरणारी गोष्ट नाही. शिक्षकांची शपथ मोडली आणि त्यानंतर ते आमच्याकडं आलेच नाहीत. मी फोन केले, त्यांनी एकदाच उचलला. म्हणाले, "मॅडम, आता मी तुमच्या गोळ्यांच्या पलीकडं गेलो. देवाचाच गुन्हेगार झालो." पुढं काही महिन्यांत त्यांचं लिव्हर गेलं आणि तेही गेले. दारूनं मारलं हे खरंच. पण दवाखान्याचं दार त्यांना शपथेनं बंद केलं, हे माझ्या डोक्यातून जाईना. आणि ती शपथ ज्याच्या नावाची होती, तो माझा देव. त्याला रोज दिवा लावणारी मी.

माझं माहेर लातूरचं. धाकटी बहीण तिथंच दिलेली. तिच्या ओळखीच्या एका वसतिगृहात, क्लासला आलेल्या मुली राहतात तिथं, रेक्टरची जागा रिकामी झाली होती. बहीण फोनवर म्हणाली, "अक्का, दारुड्यांची तोंडं बघून बघून तुझंच तोंड आंबट झालंय. इकडं ये. इथं पोरी फार तर मोबाईल लपवतात." मला हसू आलं आणि हसता हसता रडूही आलं. मी हो म्हटलं. महिनाअखेरीला राजीनामा द्यायचा असं ठरवलं. तेवढे दिवस अंग चोरून काम करायचं, कुणात जीव गुंतवायचा नाही, असंही मनाशी ठरवलं होतं.

गंगाधर त्याच दिवसांत आमच्याकडं येत होता. लोह्याजवळच्या एका खेड्यातला, चाळिशीचा, अंगानं किरकोळ. लोह्यात त्याचं मोटार भरायचं दुकान. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती याच्याकडं आणून टाकतात. हा आतली जळकी तार काढून नवी तांब्याची तार वेटोळी घालून भरतो. नाजूक काम आहे, हात थरथरला की चुकलं. पहिल्या दिवशी त्यानं दोन्ही हात माझ्या टेबलावर पसरून ठेवले आणि म्हणाला, "ताई, ह्ये बगा." बोटं वाऱ्यावरच्या पानांसारखी हलत होती. "पेल्याबिगर हात थांबत न्हाई आन हात थांबल्याबिगर काम हुत न्हाई. मी करू तर काय करू?" त्याची बायको महानंदा शेजारी बसली होती. ती नुसती त्याच्या हातांकडं बघत राहिली.

त्याला मी नेहमीप्रमाणं सांगितलं. जो येईल त्याला सांगते. इतक्या वर्षांची पिण्याची सवय एकदम तोडायची नसते. शरीर बिथरतं. डॉक्टर गोळ्या देतात, त्या अंगाला सांभाळून घेतात, त्या घेत घेतच दारू सोडायची. गोळी चुकवायची नाही, थरथर वाढली, घाम सुटला, भलतंच काही दिसायला लागलं तर एक क्षण न थांबता दवाखाना गाठायचा. गंगाधरनं मान हलवली, महानंदानंही हलवली. तो ठरल्या सोमवारी यायचा, खरं बोलायचा, किती प्याला ते न लपवता सांगायचा. कुणात जीव गुंतवायचा नाही म्हटलं होतं, पण त्याच्या हातांत माझा जीव गुंतला. हे हात थांबले पाहिजेत, एवढं एक झालं तर मी आनंदानं लातूरला जाईन, असं मला वाटायला लागलं होतं.

मग एका रविवारी सकाळी महानंदाचा फोन आला. कधी नव्हे तो तिचा आवाज फुललेला होता. "ताई, लई चांगली खबर हाय. आमच्या ह्यांच्या अंगात देव आला वो! वारं आलंय. सकाळपासून समदं गाव पाया पडून राहिलंय."

मी विचारलं, "दारू कधीपासून बंद आहे?"

तिनं कौतुकानं सांगितलं. थोरले भाऊजी, मारोतराव, त्यांनी गुरुवारी गंगाधरला गावातल्या खंडोबाच्या देवळात नेलं. बेलभंडारा उचलायला लावला. तेव्हापासून थेंब नाही. मी विचारलं, "आणि गोळ्या?" तर ती म्हणाली, "त्या बी बंद केल्या की. भाऊजी म्हनले, गोळी बी नशाच असती. भंडारा उचलल्यावर नशा चालत न्हाई."

मी कपाळाला हात लावला. दारूही बंद, गोळीही बंद, तीही एकाच दिवशी, आणि तीही देवाच्या भीतीनं. अशा माणसाला तिसऱ्या दिवशी काय होतं हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अंग तापतं, थरथर सुटते, शुद्ध हरपते, नसलेली माणसं दिसतात, त्यांच्याशी बोलणं चालू होतं. वेळेवर इलाज नाही झाला तर माणूस दगावतो. आणि इकडं गाव त्याच्या कपाळाला हळद लावून त्याच्या पाया पडत होतं. मी फोनवर ओरडले, "महानंदा, तो देव नाही गं, आजार आहे! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात आणा." तिकडून फोन मारोतरावांनी घेतला. शांतपणे म्हणाले, "ताई, तुमी शिकलेली मान्सं. तुमाला ह्यातलं कळनार न्हाई. आमी जाणत्या बाईला बोलिवलंय, ती येऊन बगनार हाय," आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेनात. रुग्णवाहिकेसाठी फोन केला, तर गाडी लांबच्या फेरीवर गेलेली, परत यायला वेळ लागेल म्हणाले.

रुग्णाच्या घरी जायचा आमचा शिरस्ता नाही. नवरा म्हणाला, "तू एकटी जाऊन करणार काय?" त्याचं बरोबर होतं. मी जाऊन करण्यासारखं काही नव्हतं. तरी चप्पल घातली आणि बसस्टँडवर आले. लोह्याची एसटी मिळाली. खिडकीशी बसले आणि वाटेत पूर्ण वेळ मला ते शिक्षक दिसत राहिले. मला वाटत होतं, मी एका मयताला निघाले आहे आणि मयत अजून जिवंत आहे एवढाच फरक. देवाचा इतका संताप आला होता की त्याचं नावही ओठांवर येऊ दिलं नाही.

लोह्यात उतरले तर त्या खेड्याकडं जायला एकही ऑटो तयार होईना. वडापाची जीप भरायची वाट बघत उभी होती. मी एकेकाला विनवत असतानाच एक ऑटो माझ्याजवळ येऊन थांबला. आत एक म्हातारी बसली होती. सुकलेली, काळीसावळी, कपाळभर हळद, मांडीवर भंडाऱ्यानं पिवळी झालेली पिशवी. ऑटोवाल्यानं कुठं जायचं विचारलं, मी गावाचं नाव सांगितलं. आतून म्हातारी म्हणाली, "बसा बाई. मी बी तिकडंच चालले." मी बसले. ऑटो खड्ड्यात आदळला की तिच्या पिशवीतली घंटी वाजायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं. ही मुरळी. लहानपणीच खंडोबाला वाहिलेली, सगळा जन्म जागरणात गाणी म्हणण्यात गेलेली. कायद्यानं ही चाल कधीच बंद केली आणि ती बंदच व्हायला हवी होती. पण ज्यांचं आयुष्य तिच्यात गेलं, त्यांतल्या काहीजणी अजून आहेत. लोक त्यांना घरात बसायला पाट देतात आणि मागं नावं ठेवतात.

मी विचारलं, "आजी, तिकडं कुणाकडं?"

"मोटारवाल्याकडं. देव आलाय म्हनत्यात. बगायला बोलिवलंय."

म्हणजे जाणती बाई ती हीच. आता ही जाऊन हळद उधळणार, येळकोट करणार आणि गंगाधरला त्या पाटावरून कुणी उठवूच शकणार नाही. मी तिला सगळं सांगितलं. त्याचं पिणं, त्याचे हात, गोळ्या, शपथ. शेवटी अक्षरशः हात जोडले. "आजी, तुम्ही देव म्हणालात तर तो मरेल."

तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. "तुमी त्याच्या कोन?"

"कुणी नाही. दवाखान्यातली."

"बगू," एवढंच म्हणाली. मी आणखी काही बोलायला लागले तर तिनं हात वर केला. "बगितल्याबिगर मी बोलत न्हाई, बाई. कुनाचंच ऐकून न्हाई. त्याच्या भावाचं बी न्हाई आन तुमचं बी न्हाई." आणि ती बाहेर बघत बसली.

मग माझ्याजवळ काही उरलंच नाही. माझं शिक्षण, माझा अनुभव, माझी तळमळ, सगळं सांगून झालं होतं आणि ऑटो चालला होता. कितीतरी महिन्यांनी मी आत देवाशी बोलले. प्रार्थना वगैरे नव्हती ती. मी म्हटलं, 'तुझ्या नावावर हा माणूस मरून राहिलाय. एकदा एक मेला, तेव्हा मी गप्प बसले. माझ्याच्यानं आता होत नाही. तुला जे करायचं ते कर. मी थकले.' एवढंच. त्यात भक्ती नव्हती, नुसता थकवा होता. पण खोटं त्यात काही नव्हतं.

घरासमोर ही गर्दी. ओसरीवर पाट मांडून गंगाधरला बसवलेलं. गळ्यात हार, कपाळावर हळदीचा थर, समोर नारळांचा ढीग, धूप इतका की डोळे चुरचुरत होते. माणूस घामानं न्हाऊन निघाला होता, सगळं अंग थरथरत होतं, डोळे कुणावरच ठरत नव्हते. दोन्ही हात हवेत चालू होते, एकसारखे, गोल गोल. एक म्हातारा भक्तिभावानं म्हणाला, "देव भंडारा उधळून राहिलाय." मी पुढं जायला लागले तर मारोतराव आडवे आले. म्हणाले, "ताई, चप्पल काढा आन लांबून पाया पडा." ते काही वाईट गृहस्थ नव्हते. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांच्या भावाला सगळ्या गावानं बेवडा म्हणून हिणवलं होतं आणि आज तेच गाव त्याच्या पाया पडत होतं. कोणता भाऊ हे सहजासहजी सोडेल?

म्हातारी पुढं झाली. गर्दीनं वाट दिली. आमच्याकडं वारं आलेल्या माणसाला पहिल्यांदा नाव विचारायची रीत आहे. देव आला असेल तर तो आपलं नाव आणि ठाणं सांगतो. त्याशिवाय कुणी त्याला कौल मागत नाही. सकाळपासून आनंदाच्या भरात ते विचारायचं राहूनच गेलं होतं, किंवा जाणती बाई येऊन विचारेल म्हणून थांबले असतील. म्हातारी त्याच्यासमोर मांडी घालून बसली, त्याच्या पायाजवळ चिमूटभर भंडारा ठेवला आणि मोठ्यानं विचारलं, "कोन आलास? कुठून आलास? नाव सांग."

गंगाधर तिच्या पलीकडं कुणाकडं तरी बघत घाईघाईनं म्हणाला, "झालीच मालक, झालीच. साडेसात एचपीची हाय, येळ लागतो. एवढी भरून झाली की देतो. रागं नका भरू."

म्हातारीनं दुसऱ्यांदा विचारलं, "नाव सांग." तो विनवणीच्या सुरात म्हणाला, "हात थरथरून राहिलाय वो मालक. तार तुटून राहिलीय. जरा थांबा." आणि हात गोल गोल फिरतच राहिले.

दाराच्या चौकटीला धरून उभ्या असलेल्या महानंदानं तोंडावर पदर घेतला. "माय गं, मोटार भरून राहिलेत वो ते," म्हणून ती रडायला लागली. सकाळपासून तिनं ते हात पाहिले होते. पण देव देव म्हणत बघितले होते, म्हणून तिला ते ओळखू आले नव्हते.

म्हातारी उठली. म्हणाली, "ह्ये वारं न्हाई. मानूस हाय. बिमार हाय. उठवा ह्याला, दवाखान्यात न्या."

मारोतराव हलले नाहीत. त्यांचा चेहरा पडला होता, पण भीती गेली नव्हती. म्हणाले, "आजी, त्यानं भंडारा उचललाय. दवाखान्यात नेलं की सुई देनार, गोळ्या देनार, नशेच्याच. शपथ मोडली तर देव सोडतो का? मरायचा त्यो मरंल, पर मागं लेकराबाळांवर येईल."

औषध नशा नाही हे मी शंभरदा समजावून सांगितलं असतं, पण शपथेचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, शिक्षकांच्या वेळीही नाही.

म्हातारीनं विचारलं, "शपथेचा भंडारा कुठं हाय?" महानंदा आत गेली आणि देव्हाऱ्यात ठेवलेली पुडी घेऊन आली. आत सुकलेली बेलाची पानं आणि हळद होती. म्हातारीनं आपला पदर पसरला. "टाक हितं."

"आजी?" मारोतराव म्हणाले.

"त्याची शपथ मी घेतली. ह्या घडीपासून ती माझी. मोडली तर देव मला इचारंल, ह्याला न्हाई, ह्याच्या लेकराला न्हाई. जिम्मा माझा. टाक गं."

महानंदानं पुडी तिच्या पदरात टाकली. म्हातारीनं पदराला गाठ मारली, खोचली आणि ज्या आवाजात जागरणं गाजवली असतील त्या आवाजात ओरडली, "आता उबं काय राहिलाव? उचला!"

जे लोक त्याच्या पाया पडत होते त्यांनीच त्याला उचलून ऑटोत घातलं. आम्ही आलो होतो तोच. म्हातारी म्हणाली, "मी येते कशी बी, तुमी निगा." मारोतराव भावाला मांडीवर घेऊन बसले, महानंदा माझ्या शेजारी दाटीवाटीनं. पूर्ण रस्ताभर गंगाधर माझ्या पदराची वेटोळी करत होता आणि मी ती करू दिली. नांदेडच्या दवाखान्यात त्याला दाखल केलं. हातपाय कॉटला बांधावे लागले. डॉक्टर म्हणाले, उद्या आणला असता तर काही सांगता आलं नसतं. काही दिवस तो या जगात नव्हताच. मग एका सकाळी डोळे उघडून म्हणाला, "महानंदा, दुकान उघडं राहिलंय का गं?" ती इतक्या मोठ्यानं हसली की शेजारच्या खाटेवरचा पेशंट दचकून जागा झाला.

लोह्याच्या स्टँडवर नेमका तो ऑटो माझ्यासमोर का थांबला, हे मी कुणाला विचारलेलं नाही. थांबला, एवढं खरं. लातूरला मी गेले नाही. त्यामागं काही मोठा निश्चय वगैरे नव्हता. गंगाधर दवाखान्यात होता, त्या धावपळीत महिनाअखेर होऊन गेली आणि ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. बहीण अजूनही टोमणे मारते.

ही गोष्ट इथं संपली असती तर मला फार आवडलं असतं. पण दारूच्या गोष्टी अशा संपत नाहीत. गंगाधर नियमित यायला लागला, हात थांबले, दुकान पुन्हा सुरू झालं. आणि एका लग्नात कुणीतरी आग्रह केला. प्याला. पुन्हा रोजचं सुरू झालं. महानंदानं फोनवर सांगितलं तेव्हा मी नुसता रिसीव्हर ठेवला. सगळं परत तिथंच. एवढ्या आटापिट्यानं वाचवलेला माणूस पुन्हा त्याच खड्ड्यात. मला वाटलं, आता हाही येणार नाही.

सोमवारी तो आला. तोंडाला वास, दाढी वाढलेली, बायको मागं. बाकावर बसला आणि म्हणाला, "ताई, पेलो."

मी म्हटलं, "मग आलात कसे?" माझ्या आवाजात राग होता.

तो खरंच बुचकळ्यात पडला. "शपथ माझ्यावर न्हाई ना, ताई. असती तर कोन्या तोंडानं आलो असतो?" मग हळूच विचारलं, "म्हातारीला काय हुईल का वो? लई भेव वाटून राहिलंय."

त्याचे हात पुन्हा हलत होते. शिक्षकांना जे दार बंद झालं होतं, ते याला उघडं राहिलं होतं आणि ते मी उघडं ठेवलेलं नव्हतं. डॉक्टरांनी नव्यानं गोळ्या लिहिल्या. त्या आठवड्यात मी म्हातारीचा ठाव काढत तिच्या घरी गेले. पत्र्याची एक खोली, दाराशी तुळस. ती लसूण सोलत बसली होती. मी समोर बसले आणि मला आधी रडूच आलं. म्हटलं, "आजी, तो प्याला."

"परत आला का तुमच्याकडं?"

"आला."

"मग कामून रडून राहिलात?" असं म्हणून तिनं थोडा लसूण माझ्याकडं सरकवला. मीही सोलायला लागले. थोड्या वेळानं विचारलं, "आजी, शपथ तुमच्या अंगावर आली. भीती नाही वाटत?"

"भेव वाटायला मी ठिवून घेतलीय का?" ती म्हणाली. "आईतवारी देवळात गेले, पायरीवर पदर झटकला. त्याचं त्याला. असं लई जनांचं घेतलंय म्या. घरी न्हेऊन ठिवलं असतं तर झोपायला जागा उरली नसती. आपुन हमाल हाव, बाई. त्यो मालक."

इतकी वर्षं मी एकेकाचं ओझं उचललं होतं, ते खरं होतं आणि उचलायलाच हवं होतं. पण खाली कुठंच ठेवलं नव्हतं. सगळे माझ्या घरात होते, जिवंत आणि मेलेले. ते शिक्षकही माझ्या देव्हाऱ्यापाशीच बसून होते आणि म्हणून मला तिथं बोलता येत नव्हतं. परत येताना मी माळेगावला गेले. पायरीवर बसून शिक्षकांचं नाव घेतलं आणि म्हटलं, 'हे तुझे गुन्हेगार नव्हते, आजारी होते. आता तू यांना सांभाळ.' मग खूप रडले. बाजूची माणसं बघत होती, बघू दिलं.

निराशा गेली असं मी म्हणणार नाही. ती माझ्या कामातच आहे, दररोज संध्याकाळी सोबत घरी येते. पण आता देवाशी बोलणं आहे आणि त्याबद्दल मी त्या म्हातारीची आणि त्याची जन्माची ऋणी आहे. गंगाधर काही सोमवारी येतो, काही सोमवारी येत नाही. आला की मी त्याचे हात बघते. आज सोमवार होता. तो आला नाही. महानंदाचाही फोन लागत नाही. केंद्र बंद करून घरी आले, दिवा लावला आणि खंडोबाला म्हटलं, 'तो कुठं आहे ते मला माहीत नाही, तुला आहे. आजची रात्र त्याला तू बघ. सकाळी दार मी उघडते.'